ग्लोव्ह घेताना सगळे जाडी बघतात, मी टोक बघते

ट्रॅडिशनल आर्चरीत नवीन आलेल्या माणसाचा सगळा जीव धनुष्यात अडकलेला असतो. लाकूड कुठलं, किती पाउंडाचं म्हणजे खेचायला किती जोर लागतो, सरळ काठीसारखा लॉन्गबो घेऊ की टोकं पुढे वळलेला रिकर्व्ह, बाण लाकडी की कार्बन, यावर तासन्‌तास गप्पा होतात आणि मग बिल करताना दुकानदार विचारतो ग्लोव्ह, म्हणजे दोरी खेचणाऱ्या तीन बोटांना चामड्याच्या टोप्या असलेला हातमोजा, हवा का, तर "हो द्या एक मीडियम" म्हणून काउंटरशेजारी लटकलेला कुठलातरी उचलला जातो. मला हे काही पटत नाही. धनुष्य क्लबचं वापरता येतं, कोणाचं उसनं मिळतं, बाण तर हरवायलाच घेतलेले असतात, पण ग्लोव्ह ज्याचा त्याचाच लागतो, आणि दोरी सुटायच्या क्षणी तुमच्या आणि तिच्या मध्ये फक्त तेवढं एक कातडं असतं. ते चुकीचं असेल तर हजार युरोंचं धनुष्य घेऊनही काही फरक पडत नाही.

मी म्युनिकजवळ राहते आणि इकडे या खेळाचं प्रस्थ चांगलंच आहे. जंगलात थ्रीडी पार्कूर असतात, म्हणजे झाडीत फोमची रानडुकरं, हरणं, अस्वलं वगैरे लपवून ठेवलेली, आणि आपण पायवाटेने चढत-उतरत एकेकावर बाण मारत पुढे जायचं. वाटेत कोणी भेटलं की "आले इन्स किल" म्हणायचं, म्हणजे सगळे बाण मर्मावर लागोत. हे घरी साताऱ्याला सांगितलं की लगेच अदिती स्वामीचं नाव निघतं, तिचं आणि ओजस देवतळेचं. 2023 मध्ये बर्लिनला दोघंही वर्ल्ड चॅम्पियन झाले, अभिमान आहेच, अदिती तर आमच्या साताऱ्याचीच. पण त्यांचा प्रकार कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, त्यात दोरी हातातल्या एका छोट्या यंत्राने धरतात आणि यंत्रानेच सोडतात, बोट दोरीला लागतच नाही. ऑलिंपिकला प्रवीण जाधव गेला होता तो रिकर्व्हवाला, त्या प्रकारात बोटं लागतात पण तिथे ग्लोव्ह नाही, टॅब असतो, चामड्याचा सपाट तुकडा, तळहाताच्या बाजूने बोटांवर बसणारा. म्हणजे आपल्याकडच्या ज्यांची नावं सगळ्यांना माहिती आहेत त्यातलं कोणीच ग्लोव्ह घालत नाही, त्यामुळे आईला अजूनही वाटतं मी थंडी वाजते म्हणून हातमोजा घालते.

मग टॅबच का नको, हा प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर नुसती अचूकता हवी असेल तर टॅबच घ्या. टॅबचा पृष्ठभाग एकसलग असतो, तिन्ही बोटं एकाच चामड्यामागे असतात त्यामुळे दोरी सगळीकडून एकदम सुटते. ग्लोव्हमध्ये प्रत्येक बोट आपापल्या टोपीत, एक जरा आधी उघडलं एक नंतर, की बाण गेला बाजूला. आणि स्ट्रिंग वॉकिंग करणारे, म्हणजे अंतराप्रमाणे दोरीवर बोटं खाली-खाली सरकवत नेम धरणारे, ते तर टॅबच्या कडेच्या शिवणीचे टाके मोजून बोट लावतात, ग्लोव्हवर कशाला मोजणार. पण जंगलात चार तास हिंडायचं असेल, मध्येच दुर्बीण काढायची, बाण उपटायचे, ओढ्यावरची फळी ओलांडताना झाडाला धरायचं, तेव्हा टॅब सारखा मध्ये लुडबुडतो. ग्लोव्ह घातला की हात मोकळा. मला तो मोकळा हात जास्त प्रिय आहे, थोडे पॉइंट गेले तरी चालतील.

आता जाडी. सगळ्यांचा पहिला हट्ट हाच की बोट दुखायला नको म्हणून जाड द्या. बोटं नवीन असतात, आग होते, कबूल आहे, पण ग्लोव्ह नुसता चिलखत म्हणून नसतो, दोरी पेरावर नेमकी कुठे बसलीये हे तुम्हाला कळायला हवं. जाड कातड्यात ते कळत नाही, मग माणूस भीतीने दोरी खोल धरतो, दुसऱ्या पेरापर्यंत आत घेतो, सोडताना बोटं उघडायला वेळ लागतो आणि दोरी बोटांवरून घसटत निघते. म्हणून मी म्हणेन की तुमच्या धनुष्याच्या पाउंडाला जेवढा पातळ सहन होईल तेवढा पातळ घ्या. तीस-पस्तीस पाउंडापर्यंत मऊ एकपदरी गाईचं किंवा हरणाचं कातडं पुरतं. चाळीसच्या वर टोकाला दुहेरी पदर किंवा कडक चामडं लागायला लागतं, पन्नासला तर लागतंच.

आणि जाड ग्लोव्ह घालूनही बोटांना मुंग्या येत असतील, टोक दुसऱ्या दिवशीपर्यंत बधिर राहत असेल, तर कृपा करून अजून जाड शोधू नका. बोटाच्या दोन्ही कडांनी नसा जातात, त्या रोज दाबल्या की महागात पडतं. अशा वेळी धनुष्य जड झालंय एवढाच त्याचा अर्थ असतो, थोडे दिवस मारणं बंद ठेवा आणि मग हलकं वापरा. क्लबातले दादा लोक हे ऐकत नाहीत, पंचावन्न पाउंड खेचणं हा त्यांच्या इज्जतीचा प्रश्न असतो, असो.

दोरी पण बघा, हे कोणी सांगत नाही. बारीक दोरी पेरात रुततेच, ग्लोव्ह कितीही चांगला असो. जुन्या डेक्रॉनच्या जाड दोऱ्या बोटाला सुसह्य असतात, आताच्या फास्ट फ्लाइटसारख्या धाग्यांच्या कमी पदरांच्या बारीक दोऱ्या कापतात, अशा वेळी मधलं सर्व्हिंग, म्हणजे दोरीच्या मध्यावरचं धाग्याचं वेष्टण, जरा जाड धाग्याने गुंडाळून घेतलं तर ग्लोव्ह न बदलताच निम्मं दुखणं जातं. सातपुड्यातल्या भिल्लांच्या धनुष्याला दोरीही बांबूच्याच पट्टीची असते, चपटी, म्हणजे दाब आपोआप पसरतो, त्यात किती शहाणपण आहे ते बारीक दोरी खेचल्याशिवाय कळत नाही. आणि नॉकच्या जागी, म्हणजे बाणाची मागची खाच दोरीवर बसते तिथे, पितळी कडी चिमटलेली असेल तर ती तर्जनीची टोपी खाते, त्याजागी दोऱ्याची गाठ बांधा.

फिटिंग हा माझा खरा मुद्दा, त्यावर जरा सविस्तर लिहिते.

दोरी बसते पहिल्या सांध्याच्या घडीत किंवा तिच्या किंचित पुढे. टोपीची लांबी ती घडी झाकून थोडी मागे यायला हवी, म्हणजे कड नेमकी दोरीखाली येत नाही, नाहीतर कडेच्या शिवणीवर दोरी बसते आणि तिथेच फोड येतो. पुढच्या बाजूला बोटाचं टोक टोपीच्या तळाला टेकलं पाहिजे. टेकत नसेल, पुढे मोकळी जागा राहत असेल, तर ते रिकामं कातडं सुटताना दोरीच्या वाटेत लोळतं आणि नेमकं शेवटच्या क्षणी तिला ओढतं. बरेच जण रिलीज म्हणजे दोरी सोडणं सुधारायला महिनोन्‌महिने घालवतात आणि दोष असतो त्या अर्ध्या सेंटिमीटर रिकाम्या टोपीचा. नखं कापूनच ग्लोव्ह मापा, वाढलेल्या नखाने माप चुकतं. टोपी बोटाभोवती गोल फिरता कामा नये, आणि काढल्यावर बोट पांढरं पडलेलंही दिसायला नको.

इथे आपल्या लोकांची एक वेगळी पंचाईत होते. इकडचे साइज इकडच्या हातांना. माझी बोटं बारीक आणि आखूड, एस घातला तर अनामिकेची टोपी लोंबते, एक्सएस बहुतेक ठिकाणी मुलांच्या शेल्फवर मिळतो आणि मुलांचे ग्लोव्ह पंधरा-वीस पाउंडाच्या हिशोबाने बनवलेले, पातळ लुसलुशीत. शिवाय बहुतेक तक्त्यांत तळहाताचा घेर मोजायला सांगतात, त्यावरून बोटांची लांबी कशी कळणार. म्हणून ऑनलाइन घ्यायचाच असेल तर दोन साइज मागवून एक परत पाठवा, हात दोनपैकी एकात बसेल. मधल्या बोटाला नीट बसला की घ्या, तर्जनी आणि अनामिका थोडी मागेपुढे चालते, मेडिटरेनियन पकडीत म्हणजे तर्जनी बाणाच्या वर आणि दोन खाली अशा पकडीत मधल्या बोटावरच सगळ्यात जास्त भार येतो.

यावर जुना वाद आहे बरं का. रॉजर ॲशॅम म्हणून इंग्लंडमध्ये एक पंडित होऊन गेला, पुढे एलिझाबेथ राणीचा शिक्षक झाला तो. त्याने 1545 साली धनुर्विद्येवर पुस्तक लिहिलं आणि त्यात शूटिंग ग्लोव्हबद्दल वेगळा मजकूर आहे. त्याचं म्हणणं की भार तर्जनी आणि अनामिकेवरच येतो, मधलं बोट सगळ्यात लांब असून आळशासारखं मागे सरतं आणि दोरीचा भार उचलतच नाही, म्हणून बाकी दोन बोटांना जाड चामडं लावा. आज कोणताही कोच याच्या बरोबर उलट सांगेल. पण त्याचं दुसरं निरीक्षण पक्कं आहे, की कातडं थेट त्वचेला लागलं की घाम येतो, ते कडक होतं आणि घासतं, म्हणून आतून मऊ जाड लोकरी कापडाचं अस्तर शिवा. इंग्लंडच्या हवेत बसून त्याला घामाची काळजी होती, तो जूनमध्ये दादरला आला असता तर काय लिहिलं असतं देव जाणे.

कातड्यांचे प्रकार थोडक्यात. हरणाचं सगळ्यात मऊ, पहिल्या दिवसापासून बोटात बसतं, पण लवकर ताणतं आणि ओलं झालं की चिकटतं. गाईचं मधलं, स्वस्त, टिकाऊ. कॉर्डोव्हान म्हणजे घोड्याच्या पुठ्ठ्यावरचं कातडं, दाट आणि गुळगुळीत, दोरी त्यावरून लोण्यातून सुरी जावी तशी सुटते, महाग असतं आणि सुरुवातीला लाकडासारखं कडक लागतं, टीव्ही बघताना घालून बोटं दुमडत बसा, तेल ओतू नका, तेलाने टोकं मऊ पडली की कॉर्डोव्हानसाठी दिलेले जास्तीचे पैसे वाया. नायलॉन चढवलेली टोकंही मिळतात, गुळगुळीत असतात आणि पावसात बरी पडतात, पण दोरीचा अंदाज जरा कमी येतो. मला स्वतःला पातळ गाईचं कातडं आणि टोकाला कॉर्डोव्हान असा मिश्र प्रकार आवडतो, माझं धनुष्य अडतीस पाउंडाचं आहे त्यामुळे हे जड धनुष्यवाल्यांनी जसंच्या तसं घेऊ नये.

वापरून-वापरून टोप्यांवर दोरीची खाच पडते. काहींना ती खटकते, मला उलट आवडते, कारण बोट आपसूक तिथेच जातं. फक्त एक आहे, आज मेडिटरेनियन उद्या तिन्ही बोटं बाणाखाली असं करत राहिलात तर खाचा जुळत नाहीत आणि दोरी जुन्या खाचेत अडखळते. दोन्ही पकडी मारायच्या असतील तर दोन ग्लोव्ह ठेवा. खाच फार खोल झाली, आतलं अस्तर दिसायला लागलं, की निरोप द्या. आणि नवा ग्लोव्ह घातला की बाण थोडे दिवस डावी-उजवीकडे सरकलेले दिसतील, जाडी बदलली की सुटणं बदलतं, लगेच धनुष्य ट्यून करायला बसू नका.

दुकानात घेताना नुसता घालून मुठी वळू नका, त्याने काहीच कळत नाही. त्यांच्याकडचं एखादं हलकं धनुष्य मागा, दोरी खेचा, दोन-तीन सेकंद धरा आणि सावकाश परत न्या. बाण नसताना दोरी सोडायची नाही, कधीच नाही, धनुष्य फुटतं आणि दुकानदारही. मग ग्लोव्ह काढून बोटं बघा. तिन्ही बोटांवर घडीच्या आसपास एकसारखी लाल रेघ दिसली तर ग्लोव्ह तुमचा. तर्जनीच्या आतल्या कडेला, जिथे बाणाचं नॉक येतं, तिथे दुखत असेल तर ते ग्लोव्हचं काम नाही, आखूड धनुष्यात दोरीचा कोन तीव्र होऊन बोटं चिमटतात, त्याला बोटांमध्ये अंतर ठेवणारा स्पेसर लागतो किंवा लांब धनुष्य.

हॉर्सबो, म्हणजे घोडेस्वारांचं आखूड धनुष्य, घेऊन अंगठ्याने खेचणार असाल तर वरचं सगळं विसरा, त्याला अंगठी लागते. मुघल लोक तसंच मारायचे, शहाजहानची जेडची धनुर्धराची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, दिसायला दागिनाच. क्युदोवाले, म्हणजे जपानी धनुर्विद्या करणारे, अंगठ्याला कडक आधार असलेला हरणाच्या कातड्याचा युगाके नावाचा ग्लोव्ह घालतात, त्याचे वेगळेच नखरे.

पावसाळ्यात भारतात आणला तर ग्लोव्ह बॅगेत तसाच ठेवू नका, बुरशी धरतो. वापरून झाल्यावर सावलीत पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवला की टोकं तडकतात. घामाने दोरी चिकटायला लागली तर टोकांवर चिमूटभर टाल्कम पावडर चोळा.

एक गोष्ट माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतेय. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, घट्ट असतं आणि आकार धरून ठेवतं, टोकांच्या टोप्यांना मला तेच हवंय, फक्त तळव्याचं नको, ते फार जाड, वरच्या पट्ट्यांचं पातळ. पुढच्या सुट्टीत कोल्हापूरला जाऊन माझ्या बोटांच्या मापाच्या तीन टोप्या शिवून मागायच्या आहेत. शिवण बाहेरच्या बाजूने, नखाकडे, दोरीच्या बाजूला एकही टाका नको, एवढं समजावून सांगता आलं म्हणजे झालं. कोणी आधी असं काही करून घेतलं असेल तर कातडं किती जाडीचं घेतलं ते सांगा.