रेडिएटरची सफाई, घरच्या घरी

सेकंडहँड वॅगनआर, घाटात एसी लावला की टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर. रिझर्व्ह टाकीत पाहिलं तर कोरा चहा! आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, पाण्यात मिसळायचं द्रव) कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण गंज आणि क्षार रोखायला तेच लागतं.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. खालचा प्लास्टिकचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, इतका घट्ट बसला होता की जोर लावला तर तुटणार हे नक्की. म्हणून पक्कडीने क्लिप दाबून खालचा होज पाईपच काढला. घमेल्यात जमलेलं पाणी लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावलं. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी. सोसायटीतली कुत्री चाटायला वेळ लावत नाहीत.

मग साधं पाणी भरून इंजिन चालू, हीटरचा नॉब पूर्ण लालवर, म्हणजे हीटरच्या नळ्याही धुतल्या जातात. ब्लोअर बंद ठेवला तरी चालतं, भर मे महिन्यात तेवढीच दया. वरचा होज एकदम तापला की समजायचं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडला. थंड करा, पाणी सोडा, पुन्हा भरा. पाणी नितळ येईपर्यंत हेच चाललं. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा.

खरी गोम पुढे आहे. सगळं सोडलं तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं. त्यावर निम्मं पाणी आधीच मिसळलेलं तयार ५०:५० कूलंट ओतलं की ते पातळ होणार. म्हणून मी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणलं. मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मं आधी ते ओतलं, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली.

हवा काढायला मात्र अंत पाहिला. गाडीचं तोंड चढावर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर, आणि मी होज दाबत उभा. बुडबुडा फुटला की पातळी खाली, की पुन्हा थोडं ओता. फॅन लागून बंद झाला, बुडबुडे थांबले, तेव्हा झाकण लावलं. सकाळी टाकी 'लो'च्या खाली होती, ती भरून घेतली.

झाकण नवंच घेतलं. जुन्याचं रबर कडक झालं होतं, आणि दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळतं.