घोटाभर पाण्यातली नदी

नदी दिसली की मुलं थेट पाण्याकडे धावतात. आम्ही पहिली पंधरा मिनिटं काठावरच काढतो. झुडपांच्या फांद्यांत काडीकचरा अडकलेला असतो, मागचा पूर तिथवर चढला होता. तो आपल्या डोक्याच्या वर लोंबताना दिसला, की मुलांना पुराबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. सामान त्या खुणेच्या वर ठेवायचं आणि वर चढायची वाट आधी हेरून घ्यायची. वरच्या अंगाला धरण असेल, तर पाणी कधी सोडतात ते विचारल्याशिवाय खाली उतरतच नाही. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवणं.

पायात जुने, नाडीचे बूट हवेत. चपला वाहून जातात आणि अनवाणी पाय कपारीत सोलवटतो. खडकावरचा तपकिरी थर हिरव्या शेवाळाइतकाच निसरडा असतो, फक्त तो दिसत नाही. प्रवाह ओलांडताना तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे रोवलेली, आणि एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. मुलांसाठी आमची मर्यादा त्यांच्या गुडघ्यापर्यंत, तीही संथ पाण्यात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की पायावरचा रेटा चौपट होतो. म्हणून धार जोराची असेल तिथे घोटाभर पाणीही पुरे.

मग वेग मोजायचा. काठाने १० मीटर दोरी ताणायची आणि मधल्या धारेत संत्रं सोडायचं. ते जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. तीनदा मोजून सरासरी घ्यायची. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेला वेग ०.८५ ने गुणायचा. पात्र ६ मीटर रुंद आणि सरासरी ३० सेंटिमीटर खोल असेल, तर सेकंदाला साधारण ७६५ लिटर पाणी समोरून जातंय. हिशेब बहुतेक वेळा खोलीत चुकतो. एकाच जागी काठी बुडवून भागत नाही, या काठापासून त्या काठापर्यंत पाच-सहा ठिकाणी मोजावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खळाळावर द्यावा. तिथे दगडांवर आपटून पाण्यात हवा मिसळते आणि दगडांखाली वस्ती दाट असते. तळहाताएवढा गोटा हळूच उचलून उलटा करायचा. मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं इथे सहसा चपटी असतात, शेपटाला बहुधा तीन केस आणि पोटाच्या कडेला सतत फडफडणारे कल्ले. कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याची अळी तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते. भिंगातून ती नळी बघावी, एकेक कण शेजारच्याशी नेमका बसवलेला असतो! पांढऱ्या थाळीत दोन बोटं पाणी घेऊन, सावलीत, पाचच मिनिटं बघायचं. थाळीतलं पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि जीव गुदमरतात. गोटा होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवायचा. उताणा राहिला तर खालच्या बाजूची अंडी वाळतात. दगडाखाली काळा, कुबट गाळ आणि नुसत्या लाल अळ्या सापडल्या, तर तिथे पाण्यात खेळू नये.

वळणावर बाहेरचा काठ पाण्याने आतून पोखरलेला असतो. वरून गवत हिरवंगार दिसतं, खाली पोकळी. त्याच्या कडेवर उभं राहायचं नाही, खाली बसायचं तर मुळीच नाही. बसायला आतल्या बाजूची वाळू चांगली, पण तिचा उतार डोहाकडे एकदम तुटतो, म्हणून मुलांच्या आणि डोहाच्या मध्ये एक मोठं माणूस बसतं.

रोवलेली काडी दर पंधरा मिनिटांनी बघतो. ती बोटभर जरी जास्त बुडाली, पाणी गढुळलं किंवा पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या, तर थाळी, दोरी जिथल्या तिथे टाकून आधी मुलांना वर काढतो. आपल्या डोक्यावर तेव्हा लख्ख ऊन असलं तरीही.