चौदा डॉलर बारा सेंट

१९७२ साली टेक्सास राज्यातल्या डॅलसमधल्या सात मुलींना एका मॅचचे पंधरा डॉलर मिळायचे. कर कापून हातात चौदा डॉलर बारा सेंट. फुटबॉल संघासाठी मैदानाच्या कडेला नाचणाऱ्या डॅलस काउबॉईज चीअरलीडर्स या पथकाबद्दल मी बरंच वाचलंय, बरंच पाहिलंय, पण डोक्यात ठाण मांडून बसलेत ते हे वरचे बारा सेंट. पुढे ज्यांची पोस्टर्स अमेरिकेतल्या पोरांच्या खोल्यांत लागली, त्यांचा पगार असा सुट्ट्या नाण्यांसकट मोजलेला.

आम्ही राहतो फ्रिस्कोत, डॅलसच्या उत्तरेला. काउबॉईज संघाचं मुख्यालय २०१६ पासून इथेच आहे. त्याआधी ते अर्व्हिंगमधल्या व्हॅली रँचला होतं. इथल्या मराठी मंडळींचा प्रवास साधारण असाच : आल्या आल्या भाड्याचं घर व्हॅली रँचला, मग कर्ज काढून स्वतःचं घर फ्रिस्कोत. त्यामुळे काउबॉईज आमच्या मागोमाग इकडे आले, असं आमच्यातले एक काका दर गणपतीत न चुकता सांगतात. हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे हं. पायापेक्षा हातानेच जास्त खेळायचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. नियम मला अजून अर्धेच कळतात, म्हणून माझं लक्ष कडेला जातं. तिथे काय चाललंय हे समजायला नियम लागत नाहीत, असं आधी वाटलं होतं.

चीअरलीडिंग सुरू केलं ते पुरुषांनी. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या एका मॅचला जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्यांच्याकडून एका सुरात आरोळ्या वदवून घेऊ लागला. पुढची कित्येक वर्षं हे काम बाप्यांचंच होतं, आणि मानाचं होतं. दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढाईवर गेले, तेव्हा ती जागा मोठ्या प्रमाणावर मुलींकडे आली.

टेक्सासने त्यात नाच घातला. किलगोर नावाच्या तेलाच्या गावातल्या कॉलेजात १९४० मध्ये ग्युसी नेल डेव्हिस या बाईंनी 'रेंजरेट्स' उभ्या केल्या : डोक्यावर हॅट, एका रांगेत मुली, आणि सगळ्यांचे पाय एकदम कपाळापर्यंत. कारण मोठं व्यवहारी सांगतात. मध्यंतरात लोक स्टँडखाली जाऊन दारू पीत आणि मारामाऱ्या करत. त्यांना जागेवर बसवून ठेवील असं काहीतरी कॉलेजला हवं होतं. म्हणजे या कलेचा उगम दारूबंदीच्या प्रयत्नात आहे! इकडे डॅलसच्या लॉरेन्स हर्कीमर या गृहस्थाने १९४८ पासून चीअरलीडिंगची शिबिरं भरवली, कागदी झुबक्यांचे पाँपाँ विकले आणि त्या धंद्यात जन्म काढला. टेक्सासच्या शाळांत आजही मुली ड्रिल टीमसाठी, म्हणजे रांगेत एकसाथ नाचणाऱ्या शाळेच्या पथकासाठी, जीव टाकतात. काउबॉईजच्या मुली आकाशातून पडल्या नाहीत, त्या या शाळांमधून येतात.

संघ १९६०चा. सुरुवातीला कडेला शाळकरी मुलं-मुली ओरडायची, 'काउबेल्स अँड बोज' नावाने. डी ब्रॉक या शिक्षिका ते सांभाळायच्या. मोठ्या माणसांच्या मॅचला शाळकरी पोरांच्या आरोळ्यांना कोण साथ देणार? मग १९६७च्या नोव्हेंबरात, अटलांटाविरुद्धच्या मॅचमध्ये, बबल्स कॅश नावाची क्लबमध्ये नाचणारी बाई दोन हातांत दोन बुढ्ढी के बाल घेऊन स्टेडियमच्या पायऱ्या उतरली. नुसती उतरली, बाकी काही नाही. प्रेक्षक मॅच सोडून तिच्याकडे बघत बसले. आणि संघाचे सर्वेसर्वा टेक्स श्रॅम प्रेक्षकांकडे बघत बसले.

श्रॅम आधी सीबीएस या टीव्ही कंपनीत होते. फुटबॉल हा मैदानापेक्षा दिवाणखान्यात जास्त पाहिला जाणार, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखलं होतं. त्यांनी ठरवलं, शाळकरी मुलं पुरे. अठरा वर्षांवरच्या, नाच येणाऱ्या मुली हव्यात. टेक्सी वॉटरमन या नृत्यशिक्षिकेला नेमलं. साठ मुली आल्या, सात निवडल्या. पॉला व्हॅन वॅगोनर यांनी कपडे बेतले : निळं ब्लाउज, त्यावर ताऱ्यांचं पांढरं जॅकीट, आखूड पांढरी चड्डी, पांढरे बूट. त्यात पन्नास वर्षांत किरकोळ फेरफार झाले, एवढंच.

जानेवारी १९७६, मायामी, सुपर बोल, म्हणजे या फुटबॉलची वर्षाची अंतिम मॅच. कॅमेरा कडेच्या एका मुलीवर गेला आणि तिने डोळा मारला. बस. मॅच काउबॉईज हरले, पिट्सबर्गने २१-१७ अशी जिंकली. पिट्सबर्गकडे तेव्हा चीअरलीडर्सच नव्हत्या, हे सांगायला मला फार आवडतं. पण आमच्याकडच्या जुन्या गोऱ्या शेजाऱ्यांना विचारा, स्कोअर आठवत नाही, डोळा आठवतो.

त्याच वर्षी पथकाची सूत्रं सुझान मिशेल यांच्याकडे आली. या बाई मुळात श्रॅम यांच्या सेक्रेटरी. मुलाखतीत श्रॅमनी विचारलं होतं, पाच वर्षांनी कुठे असाल? तर म्हणाल्या, तुमची खुर्ची बरी दिसतेय. अशी बाई हाताखाली मिळालेल्या मुलींना सैल सोडेल कशी? खेळाडूंशी संबंध ठेवायचे नाहीत. गणवेशात असताना सिगारेट नाही, दारू नाही, च्युइंगमसुद्धा नाही. वजनावर नजर. दवाखाने, वृद्धाश्रम, आणि १९७९ पासून परदेशातल्या सैनिकी तळांवर कार्यक्रम. चड्डी आखूड आणि शिस्त मात्र कॉन्व्हेंटची. अंगभर झाकलेल्या बाईवर जेवढी बंधनं नसतील, त्याहून जास्त या मुलींवर होती. मला वाटतं, खरं विकलं जात होतं ते हेच : बघा, पण हात लावायचा नाही. एका अश्लील चित्रपटात तसेच कपडे वापरले गेले, तेव्हा संघ थेट न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला आणि १९७९ मध्ये जिंकला. हा पोशाख म्हणजे पथकाची ओळखखूण, ती दुसऱ्याने वापरायची नाही, असा निकाल लागला. कपड्यांची अब्रू अशी कायद्याने राखली गेली.

आपल्याकडे हे प्रकरण आलं २००८ मध्ये, पहिल्या आयपीएलबरोबर. बंगळुरूच्या संघाने तर थेट वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या चीअरलीडर्स आणल्या होत्या. महाराष्ट्रात डान्सबार बंदीचा वाद २००५ पासून पेटलेलाच होता, त्यामुळे प्रश्न लगेच निघाला : बारमध्ये चालत नाही ते मैदानावर कसं चालतं? प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण पुढची चर्चा पार कपड्यांत अडकली. किती आखूड, किती उघडं, संस्कृतीत बसतं की नाही. पुढे २०११ मध्ये पुणे वॉरियर्सने भारतीय पोशाखातल्या, भारतीय नाच करणाऱ्या 'चीअर क्वीन्स' आणल्या. झालं, संस्कृती वाचली. डॅलसमध्ये कपडे वाचवायला कोर्ट आणि मुंबईत कपडे वाढवायला मंत्री. या पोरींना दिवसाला किती मिळतात, राहायची सोय काय, दुखापत झाली तर दवाखान्याचं बिल कोण भरतं, हे ना त्यांच्यावर लुब्ध झालेल्यांनी विचारलं, ना त्यांच्यावर चिडलेल्यांनी.

१९८९ मध्ये जेरी जोन्स यांनी संघ विकत घेतला. ते पथकाचे नियम सैल करणार, पोशाख बदलणार अशी कुणकुण लागताच चौदा मुलींनी राजीनामे दिले. जोन्सना नमतं घ्यावं लागलं. या मुलींचं बंड पगारासाठी नव्हतं, नियम टिकावेत म्हणून होतं! याचं मला आधी हसू आलं. मग वाटलं, चौदा डॉलर मिळवणाऱ्या माणसाकडे आपलं म्हणण्यासारखं दुसरं असतं काय? मिशेलबाई मात्र त्या सुमारास पथक सोडून गेल्या. १९९१ पासून पथक केली फिनग्लास आणि ज्युडी ट्रॅमल यांच्या हातात आहे, दोघीही जुन्या चीअरलीडर.

अहोंच्या ऑफिसातून एकदा तिकिटं मिळाली. आर्लिंग्टनचं हे स्टेडियम २००९चं, वरून छतातून लोंबणारा प्रचंड पडदा, खाली माणसं मुंगीएवढी. आमच्या जागा मात्र खालच्या, कोपऱ्यात. मुली मैदानाच्या चार कोपऱ्यांत विभागून उभ्या राहतात, त्यातला एक घोळका आमच्या पुढ्यात. तेव्हा लक्षात आलं की या मुली मॅच बघतच नाहीत. त्यांचं तोंड आमच्याकडे, पाठ खेळाकडे. माझ्या समोरची एक उंच मुलगी पाँपाँ कमरेला लावून हसत उभी होती. मागे काहीतरी घडलं, आमच्या रांगा ताडकन उठल्या. तिने वळून पाहिलं नाही. आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, चांगलं की वाईट ते हेरलं आणि अर्ध्या सेकंदात हात वर. बाकीच्या जणीही तशाच. कपाळावर घामाने चिकटलेली बट, मानेची शीर ताणलेली, आणि हसू जिथल्या तिथे. सुरुवातीच्या नाचात त्या एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून रांगेत लाथा उंचावतात आणि शेवटी उडी मारून दोन्ही पाय फाकवून थेट जमिनीवर बसतात. टीव्हीवर ते छान दिसतं. जवळून पाहताना माझ्याच कमरेत कळ आली. नंतर वाचलं, बऱ्याच जणींना पुढे खुब्याची दुखणी जडतात. आणि दर वर्षी निवड नव्याने, जुन्यांनाही परत रांगेत उभं राहावं लागतं.

२०१८ मध्ये हा पोशाख वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेला, देशाचा ठेवा म्हणून. त्याच वर्षी एका माजी चीअरलीडरने कमी पगाराबद्दल संघावर दावा लावला. दाव्यात म्हटलं होतं की संघाच्या 'राउडी' नावाच्या शुभंकराला वर्षाला पासष्ट हजार डॉलरच्या आसपास मिळतात. शुभंकर म्हणजे मोठं रबरी डोकं घालून उड्या मारणारा माणूस. त्याचा चेहरा कुणाला दिसत नाही, वजन कुणी विचारत नाही, हसणं तर रबरात शिवलेलंच असतं. २०१९ मध्ये तडजोड झाली, मॅचचे दोनशेचे चारशे डॉलर झाले. फोर्ब्सच्या २०२४च्या यादीत या संघाची किंमत दहा अब्ज डॉलरच्या वर गेली होती आणि मुली दिवसा नर्स, शिक्षिका, ऑफिसात कारकून अशा नोकऱ्या करून रात्री सरावाला येत होत्या. नेटफ्लिक्सच्या मालिकेत ते सगळ्या जगाने पाहिलं. मालकांच्या कन्येने त्यातच सांगितलं की या मुली पैशासाठी येत नाहीत. पैशासाठी येत नाहीत हे खरंच असेल, पण हे वाक्य बोलायचा हक्क पैसे देणाऱ्याचा नसतो. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, बातमी आली : सुमारे चारशे टक्के पगारवाढ. मुलींनी आपसांत बोलून, वकील गाठून, सोडून जायची तयारी ठेवून ती मिळवली.

आमच्या शेजारच्या जोशांची मुलगी अकरावीत आहे. शनिवारी भरतनाट्यम, बाकीचे दिवस शाळेची ड्रिल टीम. अरंगेत्रम झालंय, त्याचे फोटो जिन्यात लावलेत. परवा मी विरजण मागायला गेले, तर ही दिवाणखान्यात गालिच्यावर पाय फाकवून बसलेली. मोठेपणी काउबॉईजच्या पथकाची निवडचाचणी द्यायची म्हणते. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या बिचारीच्या मनात तो पोशाख आणि सांगलीच्या आजीबाई एकदमच आल्या असणार. जोशी मात्र लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "ताशी किती पडतात?"

"बाबा, चारशे टक्के वाढ झालीये!"

"हो, पण कशाच्या चारशे टक्के?"