तुम्ही विचारलंत म्हणून: बिघडलेल्या रोपांचं बी कशाला जपायचं?

"मॅडम, चांगलं बी सोडून ही बिघडलेली रोपं कशाला सांभाळताय?" सांगलीत हा प्रश्न मला सगळीकडून येतो. विज्ञान दिनाला पोरांबरोबर आलेले पालक विचारतात, कोकोपीट देणारे दुकानदार विचारतात, आणि तासगावकडचे माझे मामा तर भेटले की विचारतातच.

प्रश्न रास्त आहे. बी म्हणजे काय हे या भागात कुणी कुणाला शिकवायची गरज नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं केडीएस-726 सोयाबीन ज्यांनी बीजोत्पादनाला लावलंय, त्यांना ठाऊक आहे की फुलाचा रंग वेगळा दिसला, शेंगेवरची लव वेगळी दिसली, की ते रोप मुळासकट उपटायचं. बियाण्याच्या प्लॉटमधली निम्मी मेहनत भेसळ काढण्यातच जाते. आणि मी कॉलेजच्या एका खोलीत नेमकी तीच भेसळ नाव घालून, तारीख घालून फ्रिजमध्ये ठेवते. माणसाला नवल वाटणारच.

थोडक्यात उत्तर असं, की एखादं जनुक काय काम करतं हे ते चालू असताना दिसत नाही, बंद पडलं की दिसतं. डीपीतला एक फ्यूज काढल्यावर कुठली वस्ती अंधारात गेली, यावरून ती लाइन कुठे जाते हे वायरमनला कळतं, तसंच हे. पण एवढ्यावर मामांचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं रोप आहे अॅराबिडॉप्सिस. मोहरीच्या कुळातलं, वीतभर उंचीचं, जमिनीलगत पानांचं चक्र आणि मधून वर आलेला बारीक दांडा. खायच्या कामाचं नाही, जनावरही त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. संशोधनाला मात्र याच्याइतकं सोयीचं रोप क्वचितच सापडेल. सहा आठवड्यांत बीपासून बी. स्वतःचंच परागीभवन स्वतः करतं. एका रोपाला हजारो बिया, आणि बी एवढं बारीक की एका ग्रॅममध्ये साधारण 50,000 बसतात. गुणसूत्रांच्या फक्त पाच जोड्या. फ्रीडरिश लाइबाख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1943 मध्येच हे रोप आनुवंशिकतेच्या अभ्यासाला घ्या म्हणून सुचवलं होतं, आणि 2000 मध्ये ज्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला अशी ही पहिली वनस्पती ठरली.

म्युटंट, म्हणजे जनुक बिघडलेली रोपं, तयार कसे करतात, तर बिया ईएमएस नावाच्या रसायनात भिजवतात किंवा क्ष-किरणांखाली ठेवतात. त्या बियांपासून आलेल्या पहिल्या पिढीत सहसा काही दिसत नाही, कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. खरा शोध दुसऱ्या पिढीत. दोन्ही प्रती बिघडलेलं रोप तिथे निघतं. हजारो रोपांतून नजर फिरवत जायचं आणि वेगळं दिसेल त्याच्याशी थांबायचं.

आमच्याकडचं माझं सगळ्यात आवडतं रोप आहे अॅगॅमस. त्याचं फूल भिंगाखाली एकदा तरी बघायला या. साध्या अॅराबिडॉप्सिसचं फूल जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं: बाहेर चार हिरवी निदलं, मग चार पांढऱ्या पाकळ्या, मग सहा पुंकेसर आणि मधोमध बीजकोश. अॅगॅमसमध्ये निदलं आणि पाकळ्या जागच्या जागी असतात. पुढे जिथे पुंकेसर हवेत तिथे परत पाकळ्याच. आणि जिथे बीजकोश हवा तिथे नवं फूल सुरू होतं, पुन्हा निदलं, पुन्हा पाकळ्या, पुन्हा पाकळ्या. सुईने एकेक थर बाजूला करत जावं तर आत आणखी थर निघतात. एक जनुक गेलं आणि दोन गोष्टी एकदम कळल्या: पुंकेसर आणि बीजकोश घडवायला तेच लागतं, आणि फुलाला 'आता थांब' हेही तेच सांगतं.

त्याच्याशेजारी दुसरा म्युटंट ठेवा, अॅपेटाला-3. यात पाकळ्यांच्या जागी निदलं आणि पुंकेसरांच्या जागी बीजकोशाचे भाग येतात. असे वेगवेगळे बिघाड एकापुढे एक मांडून 1991 मध्ये एलियट मायरोविट्झ आणि एन्रिको कोएन यांनी फूल कसं घडतं याचा नियम बांधला. जनुकांचे तीन गट, आणि कुठल्या वर्तुळात कुठला गट चालू आहे त्यावरून तिथे काय उगवणार हे ठरतं. तिन्ही गट बंद केले तर फुलाच्या जागी पानांसारखे अवयव येतात. आज बारावीनंतर वनस्पतिशास्त्र घेणारा प्रत्येक विद्यार्थी हा नियम शिकतो. तो बियाण्याच्या प्लॉटमधून उपटून टाकली असती अशा रोपांवर उभा आहे, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही, आणि मला ते फार खटकतं. पाठ करायला आकृती देण्याआधी पोरांना ते फूल दाखवायला हवं.

इथे मामा विचारतात, "बरं, कळलं. पण पिकाला काय उपयोग?" मग मी गव्हाची गोष्ट सांगते. नोरिन-10 या जपानी गव्हाचा बुटकेपणा नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत आपल्या वाणांत आणला, त्यातून आपल्याकडे कल्याण सोना आला, खत दिलं तरी न लोळणारा. 1970 मध्ये बोरलॉगना नोबेल मिळालं तेव्हा हा बुटकेपणा कुठल्या जनुकातून येतो हे कुणालाच माहीत नव्हतं. ते उमगलं 1999 मध्ये, आणि तेही अॅराबिडॉप्सिसमुळे. क्ष-किरणांतून मिळालेला 'गाय' (इंग्रजीत gai) नावाचा एक बुटका म्युटंट होता, जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक दिलं तरी न वाढणारा. द्राक्षवाल्यांना जिबरेलिन, म्हणजे 'जीए', सांगायला नको. मणी लांबवायला तेच मारतात. त्या रोपातलं जनुक सापडलं, त्याच्याशी जुळणारं गव्हात शोधलं, तर शेतातल्या बुटक्या गव्हात बदललेलं जनुक तेच निघालं. ज्या पिकाने देशाची भूक भागवली त्याचं गुपित एका तणासारख्या रोपाने सांगितलं, आणि ते रोप कुणीतरी वर्षानुवर्षं बी धरून जिवंत ठेवलं होतं म्हणून सांगितलं.

ते जिवंत ठेवणं हेच माझं काम आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून इथे जरा थांबते.

तासगावात थॉमसनच्या बागेत वेगळी वेल दिसली, तिचे मणी लांबट होते, शेतकऱ्याच्या नजरेने ते हेरलं आणि तास-ए-गणेश ही जात झाली. द्राक्षाचं बरं आहे. वेगळी फांदी दिसली की काडी घ्यायची, कलम करायचं, वेल जशीच्या तशी पुढे चालते. भरगच्च गुलाबाचं आणि डबल जास्वंदीचंही तेच. आमचं रोप दोन महिन्यांत वाळून जातं. काडी नाही, कंद नाही, पुढे जायला फक्त बी. आणि अॅगॅमसला पुंकेसर नाहीत, बीजकोश नाही. मग त्याचं बी आणायचं कुठून?

ते येतं त्याच्या बहिणींकडून. एका वाहक रोपाच्या, म्हणजे एकच प्रत बिघडलेल्या रोपाच्या, बिया पेरल्या की चारातलं एक रोप अॅगॅमस निघतं. उरलेली तीन दिसायला अगदी धडधाकट. त्या तीनांपैकी सरासरी दोघींच्या अंगात बिघडलेली एक प्रत दडलेली असते, तिसरीत नसते. डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक चांगल्या रोपाचं बी वेगळ्या पाकिटात घ्यायचं, प्रत्येक पाकिटातलं थोडं पेरायचं आणि फुलं येईपर्यंत वाट बघायची. ज्या पाकिटातून परत अॅगॅमस निघाले ते ठेवायचं. पाकिटामागे किमान 16 रोपं लावा, असं मी विद्यार्थ्यांना बजावते, कारण 16 लावली तर वाहक पाकीट चुकून 'साफ' वाटण्याची शक्यता 100 मध्ये 1 एवढीच उरते. चारच लावली तर ती 100 मध्ये 32 होते. घाईत केलेली निवड म्हणजे लाइन, म्हणजे त्या म्युटंटचा बी धरून चालवलेला वंश, गेलीच.

त्याहून कठीण लाइन म्हणजे जिथे बिघाड असलेला गर्भ बीतच मरतो. तिथे कुंडीत वेगळं रोप उगवतच नाही, सगळा पुरावा शेंगेत असतो. अजून हिरवी असलेली शेंग भिंगाखाली दोन सुयांनी शिवणीवर उसवायची. आत बिया ओळीने लागलेल्या असतात, हिरव्यागार, आणि मधेच एक पांढरी, मग हिरव्या, परत पांढरी. मोजलं की पाव हिस्सा पांढऱ्या. काही दिवस उशीर झाला तर त्याच बिया तपकिरी आणि सुरकुतलेल्या मिळतात. मेंडेलचं तीनास एक हे प्रमाण पाठ्यपुस्तकात वाचलेल्या मुलीने ते आयुष्यात पहिल्यांदा शेंगेत मोजलं, की तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्या क्षणासाठी मी ही खोली चालवते असं म्हटलं तरी चालेल.

बाकी रोजचं काम साधं आणि कंटाळवाणं आहे, पण ते नीट झालं नाही तर वरचं सगळं फुकट. रोपांना 22 अंश तापमान लागतं आणि सोळा तास उजेड. सांगलीच्या एप्रिलमध्ये हे म्हणजे एसी आणि वीजबिल. पावसाळ्यात हवेतलं पाणी हा खरा शत्रू. बटर पेपरच्या पाकिटात वाळवलेलं बी, डब्यात सिलिका जेलचे निळे मणी, आणि ते गुलाबी झाले की बदलायचे, मग डबा चार अंशांवर. 2019 च्या पुरात कृष्णा शहरात शिरली, कित्येक दिवस वीज नव्हती, पण वरच्या मजल्यावर नेलेल्या डब्यांतलं बी टिकलं, कारण ते आधीच कोरडं होतं. बी कोरडं असेल तर थोड्या दिवसांची उष्णता सोसतं, ओलं असेल तर फ्रिजही वाचवत नाही. शिवाय बी इतकं हलकं की बोटाला, कागदाला, बाहीला चिकटून पुढच्या पाकिटात जातं. म्हणून एका वेळी टेबलावर एकच लाइन. आणि प्रत्येक म्युटंटशेजारी त्याचं मूळ वाणही पेरायचं. लान्ड्सबर्ग इरेक्टा हे जगभर वापरलं जाणारं वाण स्वतःच एक म्युटंट आहे, दांडा आखूड आणि ताठ; त्याच्यातून काढलेल्या लाइनची तुलना कोलंबिया या दुसऱ्या वाणाशी केली तर निष्कर्ष चुकणारच.

"हे जीएम आहे का?" असंही विचारतात, काळजीने. रसायनाने किंवा किरणांनी केलेले म्युटंट जीएम नाहीत, त्यांत बाहेरचं जनुक घातलेलं नसतं. आपल्याकडे शेतात असं बी कधीचंच आहे. टीएयू-1 उडीद आणि टीएजी-24 भुईमूग ही ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांची वाणं, दोन्हींच्या वंशावळीत किरणांनी घडवलेले म्युटंट आहेत. दुसरा प्रकार टी-डीएनए लाइन्सचा. त्यात जिवाणूच्या मदतीने डीएनएचा तुकडा जनुकात घुसवून ते बंद पाडतात. अमेरिकेच्या साल्क संस्थेने अशा 88,000 हून जास्त जागा नोंदवून 2003 मध्ये यादी जाहीर केली, त्यामुळे बहुतेक वेळा हवं ते जनुक बंद असलेलं बी अमेरिकेतल्या कोलंबस किंवा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या बीजसंग्रहातून मागवता येतं. ते मात्र जीएम आहे. ते आणायला दिल्लीच्या एनबीपीजीआरचा, म्हणजे राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोचा, आयात परवाना आणि जैवसुरक्षेची परवानगी लागते, आणि बंदिस्त खोलीबाहेर ते पेरता येत नाही. आमच्या खोलीत ते नाही. परवाना न घेता कुणाच्या बॅगेतून आलेलं बी मी घेत नाही, विद्यार्थ्यांनीही घेऊ नये. कुठल्या रोगाचा बीजाणू बरोबर येईल सांगता येत नाही, आणि ज्याची कागदोपत्री ओळख नाही ते बी संशोधनाला निरुपयोगीच.

शेवटचं, जत आणि कवठेमहांकाळकडे शाळू पेरणाऱ्यांसाठी. उगवणीच्या वेळी तासात एखादं पांढरंफटक रोप दिसतं. त्यात हिरवं द्रव्य तयार होत नाही, बियातला साठा संपला की दोनेक आठवड्यांत ते मरतं. मला फोन येतो तो बहुतेक ते मेल्यावर, "मॅडम, वाळलं, पाठवू का?" मेलेलं रोप पाठवू नका. त्याचा फोटो काढा. बी घरचं असेल आणि कणसानुसार वेगळं ठेवलेलं असेल, तर ते रोप ज्या कणसाच्या बियांतून आलं त्याची उरलेली हिरवी रोपं खूण करून वाढू द्या. फुलोऱ्याआधी त्यांच्या कणसांना कागदी पिशवी घाला, म्हणजे शेजारचा पराग येणार नाही. काढणीला प्रत्येक कणीस वेगळं ठेवा, एकत्र मळू नका, आणि पिशवीवर गाव, गट नंबर आणि तारीख लिहा. मी येऊन घेऊन जाईन.