तुम्ही विचारलंत म्हणून: हे कार्ड घेऊ की नको?

आर्कहम हॉरर कार्ड गेम खेळतो असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, खरंच भीती वाटते का? (पत्त्यांची नाही वाटत, पिशवीची वाटते, येतो त्याच्यावर.) दुसरा प्रश्न आमच्या शनिवारच्या टेबलावर नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो. मागच्या महिन्यात मावसबहिणीने विचारला, डेक (आपला पत्त्यांचा गठ्ठा) बनवताना दोन पत्ते हातात धरून, "दादा, यातलं कुठलं चांगलं हे तू नुसतं बघून कसं सांगतोस?" मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली, कारण चहा गार होत होता. आता नीट सांगतो.

ज्यांना गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फँटसी फ्लाइटने 2016 मध्ये काढलेला गेम, डिझायनर नेट फ्रेंच आणि मॅथ्यू न्यूमन. 1920च्या दशकातलं आर्कहम नावाचं काल्पनिक अमेरिकन गाव, आपण सगळे एकाच बाजूला, समोर कोणी माणूस नाही, गेमच आपल्या जिवावर उठलेला असतो. प्रत्येकाचा स्वतःचा 30 पत्त्यांचा डेक, वर त्या कॅरेक्टरचं खास कार्ड आणि दोन वीकनेस (आपल्यालाच नडणारे पत्ते) धरून साधारण 33. एका टर्नला 3 ॲक्शन. बस.

त्या 3 ॲक्शनवरच सगळा हिशोब आहे. एक ॲक्शन दिली की एक पत्ता ओढता येतो किंवा एक रिसोर्स (गेममधले पैसे) मिळतो, म्हणजे भाव ठरलेलाच आहे की. मशेटी (कोयता, फटक्याला एकाऐवजी दोन डॅमेज) घ्या, किंमत 3 रिसोर्स, म्हणजे 3 ॲक्शन, खेळायची 1, तो पत्ता हातात यायची 1, एकूण 5. आता हे 5 वसूल कुठे होतात ते बघायचं. घूल मिनियन या छोट्या राक्षसाला हेल्थ 2, रोलंड या कॅरेक्टरने नुसत्या हाताने मारला तर दोन फटके, मशेटीने एकच, म्हणजे एका घूलमागे एक ॲक्शन वाचली. घूल प्रीस्टला दर खेळाडूमागे हेल्थ 5, एकट्याने खेळत असाल तर पाच फटक्यांचे तीन झाले, दोन वाचल्या. म्हणजे प्रीस्ट आणि तीन मिनियन मारले की पैसे वसूल. सुरुवातीला 5 पत्ते आणि 5 रिसोर्स मिळतात, शिवाय दर फेरीला एकेक फुकट, त्यामुळे खरा भाव याहून कमीच पडतो, पण नवीन माणसाने हा वरचा चढा भावच धरावा असं मला वाटतं, नाहीतर सगळीच कार्डं स्वस्त वाटायला लागतात आणि मग डेकमध्ये 6 रिसोर्सचे चार असेट (टेबलावर मांडून ठेवायची कार्डं) घेऊन माणूस हात चोळत बसतो. मी बसलोय.

आता पिशवी. कुठलीही टेस्ट असो, आपलं स्किल विरुद्ध आकडा, आणि मग पिशवीतून एक टोकन काढायचं, त्यावरून स्किल वाढतं किंवा घटतं. पहिल्या कॅम्पेनच्या (सलग गोष्टीच्या) स्टँडर्ड पिशवीत 16 टोकन असतात. त्यातल्या पहिल्या सिनारिओत (गोष्टीच्या पहिल्या भागात), जवळ घूल नसताना, स्किल बरोबर आकड्याइतकं असेल तर 16 पैकी 6 टोकनांवर पास. एकने जास्त असेल तर 10. दोनने जास्त तर 13. तीनने 14, चारने 15, आणि ते एक ऑटोफेल (निघालं की नापासच) कोणाच्या बापाला चुकत नाही. आता फरक बघा ना, पहिल्या दोन पायऱ्यांना 4 आणि 3 टोकन मिळतात, त्यापुढे प्रत्येक पायरीला एकेक. म्हणून '+1' लिहिलेलं कार्ड चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, तुम्ही कितीवर उभे आहात ते आधी सांगा. रोलंडचं कॉम्बॅट 4, मिनियनचा आकडा 2, म्हणजे तो आधीच दोनने वर आहे, त्याला मशेटीतला '+1' जवळजवळ फुकट गेला, त्याला हवाय तो जास्तीचा डॅमेज. प्रीस्टचा आकडा 4, तिथे तोच '+1' सोन्याचा.

आणि तिसरी गोष्ट, जी आम्हाला सगळ्यात उशिरा कळली, घड्याळ. दर फेरीला अजेंडा नावाच्या कार्डावर एक डूम टोकन पडतं, पहिल्या सिनारिओचा पहिला अजेंडा 3 डूमवर पलटतो, दुसरा 7 वर. पहिल्या फेरीत डूम पडत नाही, म्हणजे पहिला पलटायच्या आधी हातात फक्त 9 ॲक्शन, दोन्ही मिळून 30, आणि मध्येच 'एन्शंट इव्हिल्स' हे डूम वाढवणारं कार्ड निघालं तर त्याहून कमी. दहाव्या टर्नपर्यंत, जादा पत्ते ओढले नाहीत तर, डेकमधले 14 पत्ते दिसतात. निम्मेसुद्धा नाही!

इथे कॉम्बोवाल्यांचं, म्हणजे एकमेकांच्या जोडीने चालणारे पत्ते लावणाऱ्यांचं, विमान खाली येतं. एका कार्डाच्या दोन कॉपी असतात, 33 पैकी 14 पत्त्यांत त्यातली एक तरी दिसायची शक्यता 68 टक्के. दोन कार्डांचा कॉम्बो असेल तर दोन्ही दिसायची शक्यता 45 टक्के. तीन कार्डांचा असेल तर 29. मलिगनने (सुरुवातीचे नको ते पत्ते बदलून) थोडी वाढते, मान्य, पण आमच्यातला एक मित्र दर वेळी तीन पत्त्यांचा कॉम्बो लावून येतो आणि चौथ्या टर्नला सांगत असतो की आता फक्त एकच पत्ता यायचाय. बाजारात तुरी! रमीत निदान समोरच्याने टाकलेला पत्ता तरी उचलता येतो.

म्हणून माझा नियम असा की कॉम्बोचा प्रत्येक तुकडा एकटा असतानाही कामाचा पाहिजे. डॉक्टर मिलन ख्रिस्तोफर हा सोबती घ्या, किंमत 4, इंटलेक्ट (तपासाचं स्किल) +1, आणि तपास यशस्वी झाला की 1 रिसोर्स. त्याला जोडीदार लागतच नाही, वरच्या चढ्या भावाने सहा तपास जमले की फिटला, नंतर सगळा नफा. इतका की पुढे टॅबू लिस्टमध्ये (जास्त जोरदार कार्डांवर बंधनं घालणारी यादी) त्याला आवरावं लागलं, त्या नियमाने खेळलं तर फेरीला एकच रिसोर्स. आम्ही टॅबू पाळतो, पण कुरकुर करत.

आता बहिणीच्या हातातले ते दोन पत्ते. इमर्जन्सी कॅश आणि फॉरबिडन नॉलेज. कॅश म्हणजे फुकट खेळा, 3 रिसोर्स घ्या, विषय संपला. फॉरबिडन नॉलेजही फुकट, त्यावर 4 टोकन, पण फेरीला एकच उचलायचं आणि दर वेळी 1 हॉरर (मनावरचा घाव) खायचा. साध्या हिशोबात कॅशच बरं, एका रिसोर्ससाठी चार हॉरर कोण घेईल? पण ती ॲग्नेस बेकर हे कॅरेक्टर खेळत होती, आणि ॲग्नेसवर हॉरर पडला की ती त्या जागेवरच्या एका शत्रूला 1 डॅमेज देते, फेजमध्ये एकदा. टेस्ट नाही, टोकन नाही, ॲक्शनसुद्धा नाही. रॅव्हनस घूलला हेल्थ 3. श्रिव्हेलिंग या मंत्राने 2 जातात, उरलेल्या एकासाठी अख्खी दुसरी ॲक्शन आणि चार्ज घालवायचा, त्यापेक्षा नॉलेजचं टोकन उचल, घूल गेला, वर रिसोर्स मिळाला. आणि नॉलेज नाही आलं तरी श्रिव्हेलिंग एकटं चालतंच की.

यात एक खड्डा आहे, मी स्वतः पडलोय. ॲग्नेससोबत पीटर सिल्व्हेस्टर हा सोबती घेतला, छान, हॉरर तो झेलतो आणि टर्नच्या शेवटी एक हॉरर त्याच्यावरून बरा होतो. मग मी चार गेम हॉरर पीटरवर ठेवून वर शत्रूला डॅमेजही देत होतो, जिंकत होतो, कॉलर ताठ. पाचव्या गेमला कोणीतरी कार्ड मोठ्याने वाचलं, हॉरर 'ॲग्नेसवर' पडायला हवा. पीटरवर पडला तर काही नाही. म्हणजे वाचवायचं की मारायचं, एकच काहीतरी. चारही विजय रद्द समजावेत असा ठराव टेबलावर झाला, माझं मत वगळून.

तर नंतर खेळायला बसताना मी बहिणीला एवढंच म्हटलं, ॲग्नेसची सॅनिटी (हॉरर सोसायची ताकद) 8 आहे, नॉलेजचे 4 म्हणजे निम्मी, त्यात तिचा वीकनेस, डार्क मेमरी, हातात अडकला तर दर टर्नला 2 हॉरर, तेव्हा ते रिसोर्सचं कार्ड समजू नकोस, बंदुकीच्या चार गोळ्या समज, आणि मोजून वापर. तिने दोन्ही पत्ते घेतले. शेवटच्या फेरीत प्रीस्टला 1 हेल्थ उरली होती, हिच्यावर 6 हॉरर, नॉलेजवर दोन टोकन. तिने एक उचललं, प्रीस्ट पडला, हॉरर 7. दुसरं टोकन तसंच कार्डावर राहिलं आणि सगळं डब्यात भरेपर्यंत तिने त्याला हात लावला नाही.