तांडेलचं निळं शीड

मृगाच्या तोंडावर आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. बेळगावच्या शहापुरात माझं ताडपत्र्या आणि गाड्यांचे हूड शिवायचं काम. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पिंजराच्या गंजीसाठी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी, गोठ्याच्या पडवीसाठी माणसं दारात येऊन बसतात. प्रत्येकाला पाऊस लागायच्या आत माल हवा असतो. त्या शनिवारीही तशीच गर्दी होती. दहाच्या सुमाराला दारात गाडी थांबली आणि तांडेलचा मुलगा उतरला. खांद्यावर निळ्या कापडाचं गाठोडं. बरोबर पणजीचे एक वयस्क गृहस्थ, तांडेलचे होडीवरचे जोडीदार. दोघं पहाटे निघून चोर्ला घाट चढून आले होते.

"काका, बाबांचं शीड फाटलंय. उद्या पहाटेला लागणार."

तांडेलला जाऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते. झोपेतच गेला. वय 54. गावाकडं सुट्टीला आला होता, रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. स्मशानात मी होतो, खानापूरला मलप्रभेच्या काठावर रक्षाविसर्जनालाही होतो. सगळं हातापायांनी केलं, मनाला काही पोचलं नव्हतं.

तांडेल हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कणकुंबीच्या वाटेवरच्या गावचा तो, बेळगावात मामाकडं राहून हायस्कूल शिकला. आम्ही एका बाकावर. पावसाळ्यात गावच्या तळ्यात केळीची खोडं एकत्र बांधून, हातात बांबू घेऊन आपण कसं फिरतो हे त्यानं एकदा वर्गात रंगवून सांगितलं आणि मास्तर म्हणाले, "तू तर तांडेलच झालास!" कोकणात होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात हे आम्हाला तेव्हा कुठलं ठाऊक असायला. वर्गातल्या कुणीच समुद्र बघितला नव्हता.

पुढं आयटीआय करून तो गोव्याला गेला. मांडवीत खनिज वाहणाऱ्या बार्जींची इंजिनं दुरुस्त करायचा. तिथं रविवारी पोरं शिडाच्या होड्या घेऊन फिरताना त्यानं बघितली आणि तो त्यातलाच होऊन गेला. काही वर्षांनी एक जुनी एंटरप्राइझ जातीची होडी घेतली. दोन माणसांची, 13 फुटांपेक्षा थोडी लांब. 1956 साली इंग्लंडमध्ये जॅक होल्ट या माणसानं तिचा आराखडा केला आणि तिची शिडं निळीच असायची पद्धत पडली, हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, बार्जी जागच्या जागी उभ्या राहिल्या, त्याच्याही हातचं काम गेलं. दुसरा कुणी खचला असता. यानं त्याच होडीवर पोरांना शिकवायला सुरुवात केली आणि अखेरपर्यंत तेच केलं.

आपण डोंगरातले असून पाण्यावर जगतो याचं त्याला कधी नवल वाटलं नाही. तो म्हणायचा, समुद्र सुरूच आमच्या तालुक्यातनं होतोय. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगवते ती पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला पोचते. आणि त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात म्हादेई उगवते ती पश्चिमेला घाट उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीशी अरबी समुद्राला मिळते. दिवाडी बेटावर नौदलासाठी बांधलेली 56 फुटी शिडाची होडी 2009 साली पाण्यात उतरली, तिचं नाव म्हादेई ठेवलंय हे कळल्यावर त्याचा मला फोन आला. बोलताना गळा भरून आला होता. "काय गा, आमच्या देगावच्या पाण्याचं नाव जगभर फिरणार बघ!" आणि खरंच फिरलं. 2009–10 मध्ये दिलीप दोंदे त्या होडीवरनं एकट्यानं पृथ्वीला वळसा घालून आले. 2012–13 मध्ये अभिलाष टॉमी मुंबईहून निघाले ते वाटेत कुठंही न थांबता मुंबईलाच परतले. ते महिने तांडेलच्या घरात भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

या म्हादेईच्या पाण्यावरनं राज्याराज्यांत इतकी वर्षं कज्जा चाललाय. त्याच्यासमोर कुणी तो विषय काढला की तो उठून जायचा. एकदा कणकुंबीला भजी खाताना मला म्हणाला होता, "मी गेल्यावर थोडं मलप्रभेत सोडा, थोडं मांडवीच्या मुखाशी." मी ओरडलो होतो त्याच्यावर. आता अर्धं काम झालं होतं, अर्धं राहिलं होतं, आणि जूनमध्ये पाऊस लागला की मांडवीच्या मुखाशी छोट्या होडीनं जायची सोय राहत नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत फरशी झाडून घेतली, चपला बाहेर काढल्या आणि शीड अंथरलं. हात फिरवला तर बोटांना खरखर लागली. मीठ. घड्यांच्या रेघांत पांढरं मीठ बसलेलं होतं.

तांडेलनं आजवर एकदाही असं शीड आणलं नव्हतं. होडी किनाऱ्याला लागली की चहाच्या आधी शीड गोड्या पाण्यानं धुवायचं, हा त्याचा नेम. मिठाचे खडे कापडाला आणि दोऱ्याला आतनं खातात, म्हणायचा. गेल्या आठवड्यात पोरानं आणि जोडीदारानं होडी बाहेर काढून बघितली, डोलकाठीच्या खिळ्याला अडकून शीड टर्रकन फाटलं, गडबडीत तसंच गुंडाळलं. त्यांची काही चूक नव्हती. पण ते मीठ हाताला लागलं आणि मला कळलं की आता हे शीड धुणारा माणूस नाही. खाली बसलो आणि रडलो. गिऱ्हाइकं दारात होती, बघत होती. बघू देत.

मग उठून आधी ते धुतलं. मे महिन्यात आमच्याकडं नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं. मागचा अर्धा पिंप त्यातच गेला. पोलिस्टरचं कापड, अर्ध्या तासात गच्चीवर वाळलं.

पहिल्यांदा त्यानं हे शीड आणलं त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मी ताडपत्री शिवतो तसंच शिवून दिलं. जाड दोरा, सरळ टाका, दोनदा फिरवलेला. पहिल्याच वाऱ्याला शिवणीच्या रेघेवर उलगडलं. पोस्टाच्या तिकिटांचा कागद भोकांवर फाटतो ना, तसं. तो रागावला नाही. दुकानात येऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ताडपत्रीनं पाऊस अडवायचा असतोय. शिडानं वारा अडवायचा नसतोय गा, वळवायचा असतोय." वाऱ्यानं शीड भरलं की कापड तिरकं ताणतं. सरळ टाक्याला ताण सोसायला जागाच नसते, दोरा तुटतो. झिगझॅग टाका कापडाबरोबर थोडा उघडतो, थोडा मिटतो. शिवाय उन्हात कापडाच्या आधी दोरा कुजतो, म्हणून दोरा कापडाच्या दुप्पट चांगला हवा. टाचण्या लावायच्या नाहीत, प्रत्येक टाचणी म्हणजे एक भोक. दोन्हीकडं चिकटणारी टेप लावून पट्टी बसवायची आणि मग शिवायचं.

आणि शीड सपाट नसतं. हे मला पटत नव्हतं. तो म्हणाला, "तुझे बाबा पोलक्याला टक्स का घालायचे?" शिडाच्या पट्ट्यांच्या कडा किंचित गोलाईत कापलेल्या असतात. त्या जोडल्या की कापडाला पोट येतं आणि त्या पोटावरनं वारा वळतो. टक्सवरनं मला एका क्षणात समजलं. त्यानंतर मी झिगझॅग मशीन घेतलं, केवळ त्याच्या शिडासाठी. आज हूडच्या कामाला तेच सगळ्यात जास्त चालतं.

शनिवारी फरशीवर ते सगळं माझ्यासमोर पसरलेलं होतं. वरच्या टोकाशी माझ्या पहिल्या सरळ टाक्याची भोकं, त्यांच्या बाजूनं नंतरचा झिगझॅग. ती भोकं झाकू का विचारलं होतं तर नको म्हणाला होता. मागच्या कडेला शीड ताठ ठेवणाऱ्या पट्टीचा खिसा, दोनदा बदललेला. आणि मधोमध दोन्ही बाजूंना चिकटवलेले लोकरीचे लाल धागे, वहिनींच्या विणकामातले. वारा शिडावरनं कसा वाहतोय ते या धाग्यांवरनं कळतं. दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागं वाहू लागले की शीड बरोबर लागलं. एक फडफडला की दोरी ओढायची किंवा सैल सोडायची.

फाटलेलं होतं ते नेमकं त्या धाग्यांच्या खाली, दीड वीत. माझा मदतनीस बैलहोंगलकडचा, त्याला म्हटलं, ताणू नको, नुसतं उचलून धर. "आत री, अण्णा," असं कानडीत 'बरं' म्हणाला आणि श्वास रोखून धरल्यासारखा उभा राहिला. एवढं मोठं कापड मशीनखालनं सरकवायला चार हात कमीच पडतात. कडोलीचे एक शेतकरी सकाळपासनं गंजीच्या ताडपत्रीसाठी खोळंबले होते. आत डोकावून म्हणाले, "कुणाचं हे?"

"मित्राचं. गेला तो."

त्यांनी चपला काढल्या, हात धोतराला पुसले आणि दुसरं टोक उचललं. "सावकाश होऊ दे. माझं सोमवारी दिलास तरी चालतंय." तांडेलचे जोडीदार भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "तो तुजें नांव सदांच घेतालो." मी काही बोललो नाही, सुई चालली होती.

दुपारी दोनला शीड घडी करून मुलाच्या हातात दिलं. निघताना तो फळीकडं बघत थांबला. फळीवर होडीच्या आवरणाचं कापड कापून ठेवलेलं होतं. एप्रिलमध्ये तांडेल स्वतः येऊन माप देऊन गेला होता, आगाऊ पैसेही देऊन. "मृगाच्या आत दे, पावसात ती उघडी राहायला नको." गर्दीत ते मागं पडत गेलं होतं. कापडावर त्याच्या अक्षरात खडूनं लिहिलेलं: 'पुढं', 'मागं', 'काठी इथं'.

"मंगळवारी न्यायला येतो, काका," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुकान बंद ठेवून मी तेच शिवायला घेतलं. साडेआठच्या सुमाराला मोबाईलवर व्हिडिओ आला. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर ते बाहेर पडले होते. पाठीमागं धूसर पणजी, पुढं मोकळं पाणी. मुलाच्या मांडीवर तांब्याचा कलश, जोडीदाराच्या हाती सुकाणू. मी आधी कलशाकडं बघितलं नाही. शिडाकडं बघितलं, माझ्या शिवणीकडं. सुरकुती नव्हती. तिच्या वर लाल धागे सरळ मागं वाहत होते.

मग पुन्हा मशीनवर बसलो. डोलकाठीच्या भोकाभोवती दुहेरी पट्टी लावायची होती. पट्टी कुठल्या बाजूनं लावायची ते ठरेना, कारण तिथंच खडूनं 'काठी इथं' लिहिलेलं होतं आणि पट्टीखाली ते झाकलं गेलं असतं. पट्टी बाहेरच्या अंगाला घेतली आणि अक्षरं आत ठेवली.