बापाचं नाव आणि ११ कॅच

मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर. नावातच सगळी गोची आहे बघा. रोहन गावसकरला निदान नाव तरी स्वतःचं होतं (तेही वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून ठेवलेलं म्हणा), या पोराला तर नाव, आडनाव, धंदा सगळं बापाचंच. आणि बाप साधासुधा नाही, अमेरिकन फुटबॉलमधल्या कोल्ट्स टीमचा रिसिव्हर (फेकलेला बॉल झेलणारा), १३ सीझन, २००२ मध्ये एकाच सीझनला १४३ कॅच, तो रेकॉर्ड मोडायला २०१९ उजाडलं. पोरगा पण २००२ च्याच ऑगस्टमधला, म्हणजे घरात पाळणा हलायला आणि बाप सुटायला एकच गाठ!

२०२१ ला पोरगा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये आला तेव्हा मी त्याच गावात, कोलंबसलाच राहत होतो. जो तो बापाच्याच गोष्टी सांगायचा. आणि ग्राउंडवर? रेग्युलर सीझन संपेपर्यंत ५ कॅच. पाच फक्त! त्याची चूक नाही, पुढे गॅरेट विल्सन, क्रिस ओलावे, जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा अशी रिसिव्हरची रांग होती, तिथे नवख्याला कोण विचारतंय.

मग विल्सन आणि ओलावे रोझ बोल (सीझननंतरची कॉलेजची मोठी मॅच) खेळणार नाहीत असं ठरलं आणि याचा नंबर लागला. १ जानेवारी २०२२, समोर युटा. आम्ही चौघं एका सोफ्यावर कोंबून बसलेलो, मांडीवर पोह्यांच्या ताटल्या, हाफटाइमला ३५-२१ ने मागे, एक जण तर वैतागून झोपायला गेला (त्याला अजून ऐकवतो आम्ही). शेवटी ९ सेकंद उरलेली असताना फील्ड गोल (बॉल लाथेने खांबांमधून) मारून ४८-४५ ने जिंकलो. स्मिथ-एन्जिग्बाने ३४७ यार्ड काढले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच, ते बरोबरच आहे. पण या पोराचे ६ कॅच, ७१ यार्ड आणि ३ टचडाउन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन केलेला स्कोअर), कॉलेजमधले पहिले तिन्ही त्याच एका मॅचमध्ये!

मी नंतर बापाचे जुने व्हिडिओ काढून बघत बसलो. साइडलाइनला अख्खं अंग बाहेर झुकलेलं आणि दोन्ही पायांचे चवडे मात्र आत टेकलेले, एनएफएलमध्ये (प्रोफेशनल लीगमध्ये) कॅच धरायला दोन्ही पाय आत लागतात ना, कॉलेजला एक टेकला तरी चालतं. पोरगा बापापेक्षा तीन-चार इंच उंच, त्याला एवढी कसरत कशाला लागेल असं मला वाटायचं, पण गडी प्रॅक्टिस संपली तरी बॉल फेकणाऱ्या मशीनसमोर उभा राहून कॅच घेत राहायचा. रक्तातच आहे म्हणणाऱ्यांना ते मशीन दाखवायला पाहिजे.

पुढच्या सीझनला ७७ कॅच, १४ टचडाउन, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो) चौथा नंबर, ॲरिझोनाची टीम. हे सगळ्यांना माहितीये. मला मजा वाटते ती जर्सीची. बापाची ८८ होती, ती याने घेतलीच नाही. याची १८, म्हणजे बापाला बॉल फेकणाऱ्या पेटन मॅनिंगची!